नोकरी सोडण्याइतकी शिल्लक झाली का? बबीनाच्या छावणीतला एक हिशेब

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याने दक्षिणेला निघालात की सुमारे २५ किलोमीटरवर बबीना लागते. गाव लहान, छावणी मोठी. रणगाड्यांच्या गोळीबाराच्या सरावाचे मैदान इथे आहे. साताऱ्याचा, कोल्हापूरचा, नगरचा, बुलढाण्याचा जवान इथे बदलीवर येतो, दोन-तीन वर्षे राहतो आणि पुढच्या ठिकाणी जातो. नोकरीची पंधरा वर्षे होत आली की क्वार्टरमध्ये रात्री जेवताना एकच विषय निघतो: "आता गावाकडे जावे का? पेन्शन तर बसेल."

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. तुम्ही सैन्यात असा, कारखान्यात असा किंवा कार्यालयात, हिशेबाची रीत तीच राहते. सैनिकाचे उदाहरण घेतले याचे कारण असे, की आपल्याकडे चाळिशीच्या आत नोकरी सोडण्याचा प्रश्न ज्यांच्यापुढे खरोखर उभा राहतो, त्यांत सैनिकाचे घर पहिले आहे. शिवाय एकदा डिस्चार्ज झाला की परत येता येत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी कागदावर हिशेब मांडायचा.

आधी नियम, मग इच्छा

जवान आणि जेसीओ यांना सेवा निवृत्तीवेतन मिळण्यासाठी किमान १५ वर्षांची पात्र सेवा लागते. अधिकाऱ्यांना २० वर्षे लागतात. चौदा वर्षे दहा महिन्यांवर स्वतःहून बाहेर पडलात तर ही पेन्शन बसत नाही. त्यामुळे पहिले काम म्हणजे आपली पात्र सेवा नेमकी किती भरते हे युनिटच्या कार्यालयातून लेखी समजून घेणे. बिनपगारी रजेसारखे काही दिवस या मोजणीतून वगळले जाऊ शकतात.

पेन्शन किती? शेवटचे मूळ वेतन आणि लष्करी सेवा वेतन (एमएसपी) यांच्या बेरजेच्या निम्मी. त्यावर महागाई मदत मिळते आणि तिचा दर जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. पेन्शन महागाईबरोबर थोडीफार चालत राहते ती यामुळेच. खासगी नोकरी सोडणाऱ्याच्या मुदत ठेवीला हा आधार नसतो, त्यामुळे त्याला आपली शिल्लक बरीच जास्त धरावी लागते.

बबीनाचा खर्च हा गावाचा खर्च नव्हे

सर्वांत मोठी चूक इथे होते. आज महिन्याला २२ हजारांत घर चालते, म्हणून निवृत्तीनंतरही तेवढ्यातच चालेल असे आपण धरतो. पण आज क्वार्टर मिळाले आहे. आजारपण आले तर मिलिटरी हॉस्पिटल आहे. जवानाचे स्वतःचे रेशन आहे. गावी गेल्यावर यातल्या काही गोष्टी राहतात, काही जातात. कॅन्टीनचे कार्ड राहते, पण कॅन्टीन तालुक्याला की जिल्ह्याला, हे पाहावे लागते. ईसीएचएसचे सभासदत्व मिळते, पण जवळचे पॉलिक्लिनिक ७० किलोमीटरवर असेल तर दर वेळी प्रवासाचा खर्च आणि एक दिवस जातो.

म्हणून खर्च आजच्या वहीतून उचलू नका, गावच्या भावाने नव्याने मांडा. रजेवर जाल तेव्हा किराणा, दूध, वीज, शाळेची फी, रिक्षा यांचे खरे आकडे टिपून आणा. हे काम घरातल्या बाईने केले तर आकडा अधिक खरा येतो, कारण पिशवी तिच्या हातात असते.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, एक हवालदार आहे. वय ३७, सेवा १७ वर्षे, दोन मुले, गावी स्वतःचे घर, आई-वडील सोबत. गावच्या भावाने त्याचा महिन्याचा खर्च असा निघाला:

किराणा, दूध, भाजी, गॅस: १३,००० रुपये
वीज, पाणी, घरपट्टी, घराची डागडुजी: ४,००० रुपये
मुलांचे शिक्षण: ८,००० रुपये
औषधे, प्रवास, फोन: ४,००० रुपये
आई-वडील, सण, लग्नकार्य: ५,००० रुपये
विमा, दुचाकी, वर्षातून एकदाच येणारे खर्च (बाराने भागून): ३,००० रुपये
एकूण: ३७,००० रुपये

शेवटच्या दोन ओळी बहुतेक जण विसरतात. या उदाहरणात त्या दोन्ही मिळून महिन्याला ८,००० रुपये होतात.

पेन्शन आणि खर्च यांतली तूट

या हवालदाराचे मूळ वेतन ३९,२०० रुपये आणि लष्करी सेवा वेतन ५,२०० रुपये आहे. बेरीज ४४,४००, निम्मी २२,२००. महागाई मदत सोपेपणासाठी ५० टक्के धरू. तुमच्या वेळी जो दर असेल तो घाला. म्हणजे हातात ३३,३०० रुपये.

खर्च ३७,०००, पेन्शन ३३,३००. तूट महिन्याला ३,७००, वर्षाला ४४,४००.

आता खरा प्रश्न: ही तूट आयुष्यभर भरून काढायला शिल्लक किती लागेल? महागाईने खर्च वाढेल तशी तूटही वाढेल. त्यामुळे "४४,४०० रुपये व्याज देणारी ठेव ठेवली की झाले" हे उत्तर चुकीचे आहे. महागाई दरसाल ६ टक्के राहिली तर खर्च सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतो. ठेवीचे व्याज मात्र होते तेवढेच राहते.

याबाबत जगभर एक ठोकताळा वापरला जातो. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून तो मांडला. पहिल्या वर्षी शिल्लकीच्या ४ टक्के रक्कम काढायची आणि पुढे दर वर्षी ती महागाईइतकी वाढवायची, तर पैसे ३० वर्षे पुरतात. म्हणजे वर्षाच्या तुटीच्या २५ पट शिल्लक हवी. पण तो हिशेब अमेरिकेतल्या बाजारावरून काढलेला आणि ३० वर्षांसाठीचा आहे. आपला हवालदार ३७ व्या वर्षी बाहेर पडतो आहे आणि त्याला, त्याच्या पत्नीला अजून ४५-५० वर्षे काढायची आहेत. म्हणून ४ ऐवजी ३ टक्के, म्हणजे सुमारे ३३ पट धरणे अधिक सुरक्षित.

४४,४०० गुणिले ३३ म्हणजे १४,६५,२०० रुपये. सुमारे १४.६५ लाख.

तुटीशिवाय लागणारे पैसे

महिन्याच्या खर्चात न बसणारी मोठी कामे वेगळी लिहा.

अडीअडचणीचा निधी: सहा महिन्यांचा खर्च, २.२२ लाख.

मुलीचे पुढचे शिक्षण: सहा वर्षांनी लागणार. आजच्या भावाने ८ लाख. दरसाल ६ टक्के वाढ धरली तर त्या वेळी सुमारे ११.३५ लाख. ते ७ टक्के व्याजाने तयार व्हायचे असतील तर आज सुमारे ७.५६ लाख बाजूला काढावे लागतात.

घरावर स्लॅब: ४ लाख.

तुटीचा निधी धरून एकूण गरज: १४.६५ + २.२२ + ७.५६ + ४ = २८.४३ लाख.

आता जमा. ग्रॅच्युइटीचा ढोबळ हिशेब असा: दर पूर्ण सहामाहीला महागाई भत्त्यासह वेतनाच्या पाव पट. १७ वर्षांच्या ३४ सहामाही, म्हणजे साडेआठ पट. ६६,६०० गुणिले ८.५ म्हणजे सुमारे ५.६६ लाख. बाकी रकमा समजा अशा: भविष्य निर्वाह निधी ९ लाख, शिल्लक रजेचा पगार ३ लाख, गट विम्याची मुदतपूर्तीची रक्कम २.५ लाख, स्वतःच्या ठेवी ४ लाख. एकूण २४.१६ लाख.

गरज २८.४३, जमा २४.१६. कमी पडतात ४.२७ लाख.

म्हणजे या हवालदाराची शिल्लक आज पुरेशी नाही. पण तो फार दूरही नाही. आता त्याच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: पेन्शन विकणे

बोलीभाषेत आपण "पेन्शन विकली" म्हणतो, कागदावर त्याला कम्युटेशन म्हणतात. सैनिकाला मूळ पेन्शनच्या जास्तीत जास्त ५० टक्के भाग विकता येतो. आपल्या हवालदाराने पूर्ण ५० टक्के, म्हणजे ११,१०० रुपये विकले, तर त्याच्या वयाला त्या रकमेच्या सुमारे ९ वर्षांइतकी एकरकमी मिळेल. ११,१०० गुणिले १२ गुणिले ९, जवळपास १२ लाख. महागाई मदत पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळत राहते. कापलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो.

"चार लाख कमी होते, बारा लाख आले, प्रश्न मिटला," असे इथे वाटते. तो मिटलेला नसतो. १५ वर्षे दरमहा ११,१०० रुपये कापले जातील, म्हणजे एकूण जवळपास २० लाख. हातात येणारी पेन्शन ३३,३०० वरून २२,२०० होईल आणि महिन्याची तूट ३,७०० वरून १४,८०० होईल. हे बारा लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवून त्यातूनच दरमहा ११,१०० काढत गेलात, तर पैसे साधारण साडेतेरा वर्षांत संपतात. कपात मात्र पंधरा वर्षे चालते.

थोडक्यात, कम्युटेशन म्हणजे स्वतःच्या पेन्शनवर घेतलेले सुमारे साडेसात टक्क्यांचे कर्ज आहे. १०-१२ टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असेल तर हे पैसे घेऊन ते फेडणे शहाणपणाचे. ठेव म्हणून ठेवायला, गाडीला किंवा नातेवाइकाला उसने द्यायला पेन्शन विकणे तोट्याचे. एक बाब मात्र कुटुंबाच्या बाजूची आहे: दुर्दैवाने निवृत्त सैनिकाचा मृत्यू झाला तर विकलेल्या भागाची वसुली कुटुंब निवृत्तीवेतनातून होत नाही.

दुसरा रस्ता: आणखी दोन वर्षे

दोन वेतनवाढींनंतर मूळ वेतन ४१,६०० होईल. लष्करी सेवा वेतनासह ४६,८००, निम्मे २३,४००, त्याच ५० टक्के महागाई मदतीसह ३५,१००. पेन्शन फक्त १,८०० रुपयांनी वाढली. पण त्याचा परिणाम पाहा. तूट ३,७०० वरून १,९०० झाली. वर्षाची तूट २२,८००, त्याच्या ३३ पट म्हणजे सुमारे ७.५२ लाख. आधी लागत होते १४.६५ लाख. दोन वर्षांत तुटीच्या निधीची गरजच सुमारे ७ लाखांनी कमी झाली.

शिवाय दरमहा १० हजार निधीत टाकले तर २.४ लाख जमतात आणि ग्रॅच्युइटी सुमारे एक लाखाने वाढते. मधल्या काळातले व्याज आणि शिक्षणाच्या खर्चातली वाढ एकमेकांना झाकतात असे धरू. आता गरज २१.३० लाख, जमा सुमारे २७.५६ लाख. ४.२७ लाखांच्या तुटीच्या जागी सहा लाखांहून अधिक शिल्लक उरते.

महागाईबरोबर वाढणाऱ्या पेन्शनमधला एक-एक रुपया किती मोलाचा असतो, हे यातून दिसते. निवृत्तीच्या तोंडावरची शेवटची दोन-तीन वर्षे म्हणूनच सर्वांत जास्त "कमावणारी" असतात.

तिसरा रस्ता: बाहेर पडून हलकी नोकरी

कधी दोन वर्षे थांबणे शक्य नसते. वडील अंथरुणाला खिळलेले असतात, शेती पडीक असते, मुलगा आईचे ऐकेनासा झालेला असतो. ही कारणे खरी आहेत आणि हिशेबाने ती खोटी ठरत नाहीत. अशा वेळी बाहेर पडा, पण "आता काही करायचे नाही" असे ठरवून पडू नका. महिन्याला १० हजार रुपये देणारे काम पाच वर्षे केले तरी ६ लाख होतात आणि ४.२७ लाखांची तूट भरून निघते. पुनर्वसनाचे प्रशिक्षण आणि नोकरीच्या नोंदणीसाठी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्जच्या आधीच चौकशी करा. काम हातात येण्याआधी त्याचा पगार हिशेबात पूर्ण धरू नका, निम्मा धरा.

अग्निवीर असाल तर

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतले जाते. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये सेवानिधी मिळतो. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. ही रक्कम विशीतल्या मुलाला फार मोठी वाटते. पण ७ टक्के व्याजाने ती महिन्याला सुमारे ६,८०० रुपयेच देते. या पैशावर घरी बसता येत नाही, त्यावर पुढचे शिक्षण किंवा धंदा उभा करता येतो. तीन भाग करा: वर्षभराचा खर्च, शिक्षण किंवा धंद्याचे भांडवल, आणि हात न लावण्याची ठेव.

पैसे खात्यात आल्यावर

एकरकमी रक्कम जमा झाली की माणसे भेटायला येतात. कोणी प्लॉट दाखवतो, कोणी विम्याची पॉलिसी, कोणी महिन्याला ५ टक्के देणारी योजना. फोनवर कोणी स्वतःला पेन्शन कार्यालयातला अधिकारी म्हणवून ओटीपी मागतो. पहिले सहा महिने एकच नियम पाळा: मोडता न येणारी कोणतीही गुंतवणूक करायची नाही.

तोवर रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवा. एका बँकेत एका खातेदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे, म्हणून मोठी रक्कम विभागून ठेवा. नंतर दरमहा उत्पन्नासाठी पोस्टाची मासिक उत्पन्न योजना पाहा. तीत एका नावावर ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. ७.४ टक्के दर धरला तर ९ लाखांवर महिन्याला ५,५५० रुपये येतात. अशा योजनांचे दर सरकार दर तिमाहीला ठरवते, त्यामुळे खाते उघडण्याच्या दिवशीचा दर विचारा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना निवृत्त सैनिकाला वयाच्या ५० व्या वर्षापासून उघडता येते. ३७ व्या वर्षी ती मिळणार नाही. सर्व पैसे ठेवीतच ठेवले तर लांबच्या काळात महागाई त्यांना खाते. दहा वर्षांहून पुढे लागणाऱ्या रकमेचा काही भाग पीपीएफ किंवा म्युच्युअल फंडात ठेवण्याचा विचार करा, पण फंडातली रक्कम खालीही येते हे समजून.

अर्ज करण्याआधी

या प्रश्नांची उत्तरे पती-पत्नीने मिळून लिहावीत:

१. पात्र सेवेचे नेमके वर्ष-महिने लेखी कळले आहेत का?
२. गावच्या भावाने महिन्याचा खर्च मांडला आहे का? तीन महिने फक्त पेन्शनइतक्याच रकमेत घर चालवून पाहिले आहे का?
३. तुटीच्या ३३ पट रक्कम, सहा महिन्यांचा निधी आणि मोठ्या कामांचे पैसे वेगवेगळे लिहिले आहेत का?
४. कर्ज किती आणि कोणत्या व्याजाचे?
५. पत्नी, मुले, जन्मतारखा यांच्या नोंदी पार्ट टू ऑर्डरमध्ये बरोबर आहेत का? नावातल्या एका अक्षराच्या चुकीमुळे कुटुंब निवृत्तीवेतन अडकते.
६. आपण नसलो तर पत्नीला किती मिळेल? साधारण कुटुंब निवृत्तीवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते. तेवढ्यात घर चालत नसेल तर मुदत विमा सुरू असायला हवा.

तिसऱ्या प्रश्नातल्या रकमांची बेरीज जमेपेक्षा कमी आली आणि तीन महिने पेन्शनच्या रकमेत घर नीट चालले, तर शिल्लक पुरेशी आहे. मग मन मोकळे करून अर्ज द्या. बेरीज जास्त आली तर किती कमी पडते तो आकडा वहीत लिहा आणि दर जानेवारी व जुलैला, महागाई मदतीचा नवा दर आला की, पुन्हा मांडा. "पुरेसे झाले का?" हा प्रश्न रोज रात्री जेवताना छळतो, कारण त्याला आकडा दिलेला नसतो. आकडा लिहिला की तो वर्षातून दोनदाच विचारावा लागतो.